आघात-तरंग आणि दुखरा गुडघा

चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या तांबरम स्थानकातून १९३१ सालापासून विजेच्या उपनगरी गाड्या धावत आहेत. अशा स्थानकांतील पुलाचा जिना ही गुडघ्यांची खरी परीक्षा होय. कारण जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती झिजली की सहसा भरून येत नाही. यालाच झिजेचा संधिवात म्हणतात.

त्यावर हल्ली आघात-तरंगांचाही उपचार करतात. आघात-तरंग म्हणजे निमिषार्धात उसळणारी दाबाची लाट. १९८० साली म्यूनिक येथे अशा लाटांनी एका रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा शस्त्रक्रियेवाचून प्रथमच फोडण्यात आला. गुडघ्यासाठी पुष्कळ सौम्य लाटा वापरतात. त्यांनी कूर्चा पुन्हा वाढते असे सिद्ध झालेले नाही. मात्र काही रुग्णांच्या वेदना काही काळ कमी झाल्याचे चाचण्यांत आढळले आहे.

मग व्यायामाचे प्रयोजन काय? मांडीचे पुढचे स्नायू सांध्याला बसणारे धक्के झेलतात. दुखते म्हणून मनुष्य चालणे टाळतो. स्नायू दुबळे होतात आणि गुडघा अधिकच दुखतो. हे दुष्टचक्र व्यायामानेच तुटते. भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने खुर्चीवर बसावे, पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा.

तरंगांनी वेदना शमली, तर हा व्यायाम सुकर होतो. व्यायाम टाळला, तर ती सवड वाया जाते. ज्यास यंत्राचा खर्च झेपत नाही, त्यानेही निराश होऊ नये. खुर्ची घरोघरी आहे.