श्रवणयंत्र आणि तंबोरा

चष्मा लावला की अक्षर दिसते. तसे कानाला यंत्र लावले की गाणे ऐकू येते, असा सर्वसाधारण समज आहे. मी दोन्ही कानांना यंत्रे लावते. ‘आता काय, तुला सगळे ऐकू येते!’ असे मैत्रिणी कौतुकाने म्हणतात. ऐकू येते हे खरे, पण बोलणे ऐकू येणे वेगळे आणि गाणे ऐकू येणे वेगळे.

श्रवणयंत्र मुळात घडविले आहे ते बोलणे समजावे म्हणून. आपले नेहमीचे बोलणे ६० ते ६५ डेसिबलचे असते. ओरडलो तरी ८५ च्या आसपास. संगीत मात्र सहज १०० च्या पुढे जाते. माझे वडील गावच्या भजनी मंडळात गातात. तेथे टाळांच्या दहा-बारा जोड्या एकदम वाजू लागल्या की तो आवाज यंत्रात शिरतानाच फाटतो. पुष्कळ डिजिटल यंत्रांची आवाज आत घेण्याची मर्यादा ९५ डेसिबलच्या जवळपास असे. काही नव्या यंत्रांत ती वाढविली आहे. एकदा फाटलेला आवाज मागाहून कितीही लहान केला तरी सांधत नाही.

दुसरी अडचण यंत्राच्या हुशारीची. बोलण्याचा आवाज सारखा चढतो, उतरतो, मध्येच थांबतो. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा किंवा मोटारीचा असणार, असे यंत्र धरून चालते आणि तो कमी करते. आता तंबोऱ्याचे काय होत असेल पाहा! ज्याच्या आधाराने गवई गातो, त्यालाच यंत्र गोंगाट समजते. बासरीचा लांब स्वर लागला की यंत्राला ती आपलीच शिट्टी वाटते. ती मोडण्याच्या खटपटीत स्वर थरथरू लागतो. शिवाय हलका आवाज वाढवायचा व मोठा दाबायचा, हा यंत्राचा धर्म. त्यामुळे गायकाने जीव ओतून केलेला चढउतार सपाट होतो.

यावर उपाय आहे, पण तो मागावा लागतो. यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका आमच्या घरात वाचणारी मीच. शब्दकोश घेऊन बसले तेव्हा कळले की, संगीतासाठी निराळी योजना यंत्रात भरता येते. तिच्यात गोंगाट कमी करणे बंद, शिट्टी रोखणे बेताचे, आवाज दाबणेही थोडकेच. श्रवणतज्ज्ञ बाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘गाणे शिकतेस का?’ मी म्हटले, ‘नाही, ऐकते.’ त्यांनी ताबडतोब ती योजना भरून दिली. इतके दिवस बोलणे कळते का एवढेच मला विचारले जाई; गाण्याचे कोणी विचारले नव्हते. जाताना आपल्या आवडीचे गाणे मोबाइलवर घेऊन जावे, म्हणजे तेथेच पारख होते.

घरगुती युक्त्याही आहेत. रेडिओ लहान ठेवून यंत्राचा आवाज वाढवावा; उलट करू नये. कॅनडातील श्रवणतज्ज्ञ मार्शल चेसिन यांची एक युक्ती तर फुकटातली आहे: मैफलीपुरती यंत्राच्या मायक्रोफोनवर साधी चिकटपट्टी लावायची. आत जाणारा आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो आणि फाटणे पुष्कळ टळते. ब्लूटूथने गाणे थेट यंत्रात घेता येते, पण कानातील टोपी सैल व भोकाची असेल तर खर्जाचे आवाज बाहेर निसटतात. पखवाजाची कणीक लावलेली बाजू अगदी पोकळ वाटते. कानाच्या मापाचा साचा असेल तर ती भरते.

सर्वच परत मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जवळजवळचे दोन स्वर मला अजून एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, आणि त्याला कोणतीही योजना पुरी पडत नाही. पण तंबोरा आता ऐकू येतो. भजनाला मी पखवाजाजवळ, टाळकऱ्यांपासून लांब बसते. वडिलांचा अभंग तेथून चांगला लागतो.