लाइट गेली की प्रिंटर ‘ऑफलाइन’? आधी हे बघा

मुळशीत आमच्या पौडला पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते, आणि मग प्रिंटर ‘ऑफलाइन’. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, त्याचा पत्ता बदललेला असतो. राउटर बंद होऊन सुरू झाला की घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते नव्याने वाटू शकतो. काल 192.168.1.5 असलेला प्रिंटर आज 192.168.1.9 होतो, आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो.

प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्कची माहिती उघडा, नाहीतर तिचं पान छापून घ्या. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी राउटर चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मगच प्रिंटर. पत्ता नीट दिसतोय? मग लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा. हे खरंच करा! मी केल्यापासून सातबारा छापायला धावपळ झालेली नाही.

राउटर नवीन बसवला असेल तर आणखी एक: बरेच घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात, 5 चं त्यांना दिसतच नाही.