डोक्यात चढणारी झुळूक

तेरा वर्षांचा एक मुलगा आणि त्याच्याभोवती जमलेले गावातले नामांकित वैद्य. मुलाला फिट येत. सुरुवात कुठून होते, असे वैद्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, पोटरीतून. तिथून ते सरळ वर चढते; मांडी, जांघ, कूस, मान असे करत डोक्याला भिडते, आणि भिडले की पुढचे काही कळत नाही. पण 'ते' म्हणजे नेमके काय, हे त्याला सांगता येईना. तेव्हा हीच व्याधी असलेला दुसरा एक तरुण, स्वतःच्या अंगात काय चालले आहे ते नीट टिपणारा, म्हणाला : गार झुळकेसारखे असते ते.

ही हकिगत गेलेनने लिहून ठेवली आहे. इ.स. १२९ मध्ये पर्गामम येथे जन्मलेला हा ग्रीक वैद्य पुढे रोमच्या सम्राटांचा वैद्य झाला आणि त्याच्या ग्रंथांनी युरोपातल्या नि अरबी जगातल्या वैद्यकावर हजारएक वर्षे राज्य केले. वरचा प्रसंग त्याच्या तरुणपणातला. तरुणाच्या तोंडी झुळकेसाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच रोमन लोकांनी जसाच्या तसा लॅटिनमध्ये घेतला होता : आउरा. वैद्यांनी तो असा काही उचलला की आजही अपस्माराचा झटका किंवा मायग्रेनची डोकेदुखी येण्याआधी रुग्णाला जे जाणवते, त्याला जगभरचे डॉक्टर 'ऑरा'च म्हणतात.

आपल्याकडे मात्र हा शब्द इंग्रजीवाटे आला आणि वेगळाच साज चढवून आला. अमक्या नटीचा ऑरा काही औरच, असे मुलाखतकार म्हणतात. रील पाहणारी मुले एकमेकांचे 'ऑरा पॉइंट' वाढवतात नि कापतात. ऑराचे रंगीत फोटो काढून त्यावरून स्वभाव सांगणारेही आहेत. या सगळ्या वापरांत ऑरा म्हणजे आपल्याभोवती असलेली आणि दुसऱ्याला दिसणारी गोष्ट. झुळकेचे तर नेमके उलटे असते. ती दिसत नाही, अंगाला लागते, आणि ज्याच्या अंगाला लागते त्यालाच कळते. या शब्दाच्या पोटात ही उलथापालथ कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. आणि माझे मत विचाराल तर शब्दाचा खरा वारसा तेजोवलयवाल्यांनी नव्हे, डॉक्टरांनी सांभाळला.

लॅटिन कवींना ही झुळूक फार लाडकी. ओव्हिडने 'मेटामॉर्फसिस'च्या सातव्या सर्गात तिच्यावरून घडलेला एक अनर्थ सांगितला आहे. केफालस हा शिकारी. दुपारच्या उन्हात थकला की सावलीला आडवा होई आणि वाऱ्याला आळवी : ये आउरा, जवळ ये, माझा ताप घालव. बोलणे असे लडिवाळ की आडून ऐकणाऱ्या कुणाला वाटले, आउरा ही एखादी अप्सरा असणार. चुगली त्याच्या बायकोच्या, प्रोक्रिसच्या, कानावर गेली. खातरजमा करायला ती झुडपाआड लपून बसली. केफालसने नेहमीप्रमाणे झुळकेला हाक मारली. झुडपात पाने सळसळली. जनावर आहे असे समजून त्याने भाला फेकला. तो भाला नेम कधीच न चुकणारा, आणि त्याला तो दिलेला खुद्द प्रोक्रिसनेच. मरता मरता ती विनवते की माझ्या जागी त्या आउरेला आणू नकोस. तेव्हा कुठे केफालसला उलगडा होतो. हीच कथा ओव्हिड आपल्या प्रेमकलेवरच्या ग्रंथातही सांगतो, तिथे मात्र बायकांना उपदेश म्हणून : ऐकीव गोष्टींवर झटकन विश्वास ठेवू नका. उपदेश बायकांनाच का, हे ओव्हिडलाच ठाऊक.

होरेसने याच शब्दाला राजकारणात ओढले. जनतेच्या मर्जीला रोमन लेखक 'पॉप्युलारिस आउरा' म्हणत, म्हणजे लोकांची झुळूक. आज इकडून, उद्या तिकडून. 'यंदा कुणाची हवा आहे?' असे विचारणाऱ्या मराठी मतदाराला हे समजावून सांगायला नको.

शब्दात उजेड शिरला त्याची एक खूण व्हर्जिलच्या 'ईनिड'मध्ये सापडते. पाताळात जाण्यासाठी ईनियसला सोन्याची फांदी हवी असते, आणि दाट झाडीत ती दिसते तेव्हा फांद्यांमधून सोन्याची 'आउरा' झळकते. लॅटिनमध्ये सोने म्हणजे आउरुम. कवीने दोन शब्द शेजारी बसवले आणि झुळकेला लकाकी आली. या एका ओळीतून पुढची सारी तेजोवलये निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल, पण बी तिथे पडलेले आहे.

मधल्या काळात शब्द वाऱ्यातून वाफेत गेला. सतराव्या शतकातल्या काही विद्वानांची समजूत अशी की गर्भधारणेसाठी वीर्याचा स्पर्श लागत नाही, त्यातून निघणारी सूक्ष्म 'आउरा' पुरते. तिचा निकाल अठराव्या शतकात लाझारो स्पालान्झानी या इटालियन पाद्रीबुवांनी लावला. त्यांनी बेडकांच्या नरांना तलम कापडाच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. अंडी फळली नाहीत. चड्डीत साठलेला द्रव अंड्यांना लावला, तेव्हा फळली. दुसऱ्या प्रयोगात अंडी द्रवाच्या वर, नुसत्या वाफेत टांगून ठेवली; तीही कोरीच राहिली. वाफेचा सिद्धान्त कोसळला, पण 'शरीरातून काहीतरी पसरते' हा अर्थ शब्दाला चिकटून राहिला.

त्याला रंग दिले थिऑसॉफीने. या मंडळींचा मुंबईशी जुना संबंध. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे 'द थिऑसॉफिस्ट' मासिक इथूनच निघाले, आणि १८८२ च्या अखेरीस त्यांनी मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला. त्यांच्यातल्या लेडबीटर यांनी १९०२ मध्ये माणसाभोवतीच्या रंगवलयांची चित्रेच छापली. १९११ मध्ये वॉल्टर किल्नर या लंडनच्या डॉक्टराने रंगीत काचांतून ऑरा दिसतो असे पुस्तक लिहिले, आणि १९३९ पासून सोव्हिएत रशियात किर्लियन दांपत्याने विजेच्या भारातून बोटांभोवतीची प्रभा छायाचित्रात उतरवली. ती प्रभा खरीच असते. पण ती विद्युत्भारामुळे हवेत पडणारी ठिणगी असून तिचा आकार मुख्यतः बोटावरच्या ओलाव्यावर बदलतो, हे १९७६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या निबंधाने दाखवले. घाम आला की ऑरा बदलतो, एवढेच त्यातले तथ्य.

विचारवंत वॉल्टर बेंजामिनला मात्र या गर्दीत बसवू नये. यंत्राने हुबेहूब प्रती निघू लागल्यावर कलाकृतीचा ऑरा झडतो, हे त्याचे १९३० च्या दशकातले म्हणणे महाविद्यालयांत शिकवतात. ऑरा समजावताना तो उन्हाळ्यातल्या दुपारी दूरच्या डोंगररांगेकडे पाहत पडलेला माणूस उभा करतो आणि म्हणतो की हा माणूस त्या डोंगरांचा ऑरा श्वासात घेतो. पाहतो असे म्हणून तो थांबत नाही. जुना वारा त्याच्या क्रियापदात शिल्लक होता.

आता वैद्यकाकडे. गेलेनचा गुरू पेलॉप्स याने त्या मुलाच्या झुळकेचे दोन खुलासे सुचवले. एक, पायात निर्माण झालेला बिघाड शेजारच्या भागाला, तो त्याच्या शेजारच्याला, असा लागत लागत वर जात असावा. किंवा दुसरे, वायुरूप द्रव्यच अंगातून चढत असावे. दुसऱ्या तर्काने शब्द दिला आणि उपायही : झुळूक निघाली की पाय वर घट्ट आवळून बांधायचा. वेडगळ वाटणारा हा उपाय काही रुग्णांत लागूही पडे. मनगट आवळून झटका थोपवणारे रुग्ण एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीही पाहिले आहेत. आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्याचा काही उपयोग नाही. माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, एवढेच करायचे असते.

चरकसंहितेच्या निदानस्थानातही अपस्माराची पूर्वरूपे दिली आहेत. नसलेले आवाज ऐकू येणे हे त्यांतले एक. चिकित्सास्थानात तर झटक्याआधी दिसणाऱ्या रूपांचे रंग दोषांप्रमाणे वाटून दिले आहेत : वातात तांबूस-काळी, पित्तात पिवळी-लाल, कफात पांढरी. दोषांची वाटणी बाजूला ठेवली तरी रुग्णांना कुणीतरी बसवून 'तुला आधी काय दिसते, काय ऐकू येते?' असे विचारल्याशिवाय अशी यादी तयार होत नाही.

झुळकेची दिशा उलटी करायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या डॉ. ह्यूलिंग्ज जॅक्सनने पाहिले की काहींचा झटका अंगठ्यात सुरू होतो, मग पंजा, मग दंड, मग चेहरा असा क्रमाने सरकतो. त्याच्या स्वतःच्या पत्नीलाही अखेरच्या आजारात असे झटके येत. त्याने तर्क केला : हातातून डोक्याकडे काहीच जात नाही. मेंदूत हात, दंड, चेहरा यांच्या जागा शेजारी शेजारी आहेत आणि बिघाड एका जागेवरून दुसरीकडे पसरतो. रुग्णाला वाटते प्रवास अंगात चालला आहे. तो चाललेला असतो मेंदूत. १८७० मध्ये बर्लिनला फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक जागी वीज देऊन ठरावीक स्नायू हलवून दाखवले आणि या तर्काला आधार मिळाला. पेलॉप्सचा पहिला अंदाज आज वाचताना चमकायला होते. फक्त पाय काढून मेंदू घालायचा.

मायग्रेनची गोष्ट याहून देखणी आहे, कारण तिथे झुळूक मोजता आली. त्याच १८७० मध्ये डॉ. ह्यूबर्ट एअरी यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात स्वतःला दिसणाऱ्या आकृत्या काढून छापल्या. वडील जॉर्ज एअरी हे राजज्योतिषी, म्हणजे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख, आणि त्यांनाही हाच त्रास; घरात निरीक्षणाची शिस्त मुरलेली. नजरेच्या मध्याजवळ एक डाग उमटतो, मोठा होत जातो, त्याची कड नागमोडी, लखलखती, टोकदार बनते आणि हळूहळू एका बाजूला सरकत नजरेबाहेर जाते. एअरींना त्यात तटबंदीचे शहर दिसले. आपल्या किल्ल्यांचे गोल बुरूज इथे डोळ्यांसमोर आणू नयेत; ही युरोपातली, ताऱ्यासारखी कोन काढलेली तटबंदी.

कार्ल लॅशली हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञही याच दुखण्याचा धनी. नागमोड किती वेळात कुठे पोहोचते, हे तो स्वतःवरच टिपत राही. दृष्टीच्या मेंदूभागाचा आकार ठाऊक होताच. भागाकार करून १९४१ मध्ये त्याने सांगितले की मेंदूच्या पृष्ठावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्तिदेस लेआओ या हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ब्राझीलच्या तरुणाने सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करताना भलतेच काही पाहिले : विद्युत्क्रिया वाढण्याऐवजी मालवत जाणारी एक लाट, तीही मिनिटाला काही मिलिमीटरच्याच वेगाने. दोन्ही आकडे एकाच घटनेचे असावेत, हे नीट लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली. २००१ मध्ये एमआरआय यंत्रात ऑरा चालू असलेल्या माणसाच्या मेंदूत ती लाट टिपली गेली. वेग मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर. या संथपणामुळेच मायग्रेनचा ऑरा मिनिटे घेतो आणि अपस्माराचा बहुधा सेकंदांत आटोपतो. डोळ्यांपुढची चमक पसरायला किती वेळ लागला, हे डॉक्टर विचारतात ते उगाच नव्हे.

मायग्रेन असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला ऑरा येतो. तो येत असेल त्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. हे आपल्याकडच्या किती बायकांना गोळ्या देताना सांगितले जाते, कोण जाणे.

अपस्मारात तर ऑरा म्हणजे पूर्वसूचना हा समजही आता मागे पडला आहे. ऑरा हाच झटका असतो. लहान, मेंदूच्या एका कोपऱ्यापुरता. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला 'शुद्ध न हरपणारा स्थानिक झटका' अशा अर्थाचे नवे नाव मिळाले. कोपरा कोणता, हे ऑरावरूनच उमगते. रबर जळल्यासारखा वास, कधीच न पाहिलेली जागा ओळखीची वाटणे, पोटातून काहीतरी घशाकडे चढणे ही कानशिलामागच्या भागाची लक्षणे. रंगीत ठिपके मागच्या भागाची. मुंग्या वरच्या भागाची. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर ही माहिती फार मोलाची. फिटचा व्हिडिओ नातेवाईक हल्ली मोबाइलवर काढून आणतात, पण तो सुरू होतो माणूस कोसळल्यावर. डोक्यावर तारा लावून काढलेल्या ईईजीत नुसत्या ऑराच्या वेळी बरेचदा काहीच उमटत नाही. रुग्णाने सांगितले तरच कळणार.

आणि आपल्याकडे रुग्ण सांगत नाही. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाला अपात्र ठरवणारा दोष म्हणून नोंदलेला होता. तो शब्द वगळला गेला १९९९ मध्ये. कायद्यातून गेला, स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून गेला नाही. तेव्हा मुलीला पोटातून काही वर चढते, दोन-चार क्षण भलतेच वाटते आणि ती टक लावून बसते, याला घरात पित्त म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, नाहीतर 'गॅस डोक्यात चढतो' म्हणतात. डॉक्टरांपुढेही हेच शब्द येतात, आणि चिठ्ठीवर आधी ॲसिडिटीची गोळी लिहिली जाते.