साडेसात हजार गेले कुठे?

समजा, रोडपालीतल्या एका सोसायटीत ४० सदनिका आहेत आणि दरमहा देखभाल शुल्क २,५०० रुपये. जूनमध्ये सगळ्यांनी पैसे भरले. पासबुकात पूर्ण एक लाख जमा दिसतात, पण एक्सेलमधलं सम-इफ्सचं, म्हणजे अटींनुसार बेरीज करणारं, सूत्र ९२,५०० वर थांबतं. खजिनदार आठवडाभर तळोजा एमआयडीसीत किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी करून रविवारी हिशेबाला बसलेला. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची असते, आणि तिथे देखभाल, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी असा शीर्षनिहाय हिशेब मांडावा लागतो. अटीच्या बेरजेवाचून सुटका नाही. मग ती अडते कुठे?

गैरसमज १ : सूत्र चुकलं असतं तर एक्सेलने सांगितलं असतं.

वस्तुस्थिती : सूत्र लिहिताना घोळ झाला तर एक्सेल बहुतेकदा ओरडतं, नोंदीत घोळ असेल तर गप्प बसतं. रकमेच्या कॉलममध्ये एखादा आकडा ‘टेक्स्ट’ म्हणून बसला असेल, तर सम-इफ्स तो निमूटपणे सोडून देतं. इथे फरक ७,५०० चा आहे, म्हणजे नेमके तीन हप्ते. जूनच्या रकमांवर काउंट आणि काउंट-ए ही दोन्ही फंक्शन्स लावून पाहा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेल्या सगळ्या सेल. ३७ आणि ४० असं उत्तर आलं, तर चोर सापडला.

गंमत म्हणजे अटीच्या कॉलमात हा भेद आड येत नाही. सदनिका क्रमांक १०१ आकडा म्हणून असो वा टेक्स्ट म्हणून, अट दोन्हींना जुळते. त्यामुळे शोध रकमेच्या कॉलममध्ये घ्या.

गैरसमज २ : सेलचं फॉरमॅट ‘नंबर’ केलं की काम झालं.

वस्तुस्थिती : फॉरमॅट म्हणजे नुसता पेहराव, आतला माणूस तोच राहतो. कॉलम निवडून डेटा मेनूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा, बहुतेक आकडे ताळ्यावर येतात. तरीही हटले नाहीत, तर बँकेच्या स्टेटमेंटमधून कॉपी करताना आलेल्या न दिसणाऱ्या मोकळ्या जागेवर संशय घ्या.

गैरसमज ३ : दिसायला सारखं, म्हणजे सारखंच.

वस्तुस्थिती : ‘देखभाल’ आणि शेवटी एक स्पेस पडलेलं ‘देखभाल ’ हे एक्सेलच्या लेखी दोन वेगळे शब्द. ट्रिम फंक्शन साधी स्पेस काढतं, पण वेबपानांवरून येणारी १६० क्रमांकाची स्पेस त्याला जुमानत नाही, ती सबस्टिट्यूट वापरून घालवावी लागते. मराठीत आणखी एक मेख आहे. जुनी नोंद श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आणि अट युनिकोडमध्ये असेल, तर पडद्यावर अक्षरं जुळ्या भावंडांसारखी दिसली तरी आतले संकेत निराळे असतात. असे शब्द कधीच जुळणार नाहीत.

गैरसमज ४ : तारीख दिसते ना, मग ती तारीखच.

वस्तुस्थिती : एक्सेल तारीख आकड्यात साठवतं. नेहमीच्या मोजणीत १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिलची नोंद ४ मे होऊन बसते, आणि २५/०४/२०२५ ला पंचविसावा महिना न सापडल्याने ती टेक्स्टच राहते. अशा कॉलमवर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये ‘डीएमवाय’ निवडून फार उपयोग नाही, कारण काही तारखा आधीच उलटलेल्या असतात. मांडणी भारतीय करून मूळ फाइल पुन्हा उघडा.

नोंदीत वेळही असेल तर ‘३० जूनपर्यंत’ ही अट त्या दिवशी दुपारी आलेला भरणा गाळते. त्याऐवजी ‘१ जुलैच्या आधी’ अशी अट घाला.

गैरसमज ५ : सम-इफला ‘एस’ जोडला की सम-इफ्स.

वस्तुस्थिती : एक्सेल २००७ मध्ये आलेल्या सम-इफ्समध्ये रकमेचा कॉलम सर्वांत आधी लिहायचा असतो, सम-इफमध्ये सर्वांत शेवटी. दोन कॉलमची लांबी कमीजास्त झाली तर सम-इफ्स एरर दाखवतं. सम-इफ मात्र रकमेच्या कॉलमचा पहिला सेल धरून पुढची लांबी स्वतःच ठरवतं, आणि चुकीचं उत्तर बिनबोभाट देतं. शिवाय सम-इफ्सच्या सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. ‘ए विंग किंवा बी विंग’ हवं असेल तर दोन बेरजा करून मिळवा.

गैरसमज ६ : फिल्टर लावला की बेरीजही तेवढीच होते.

वस्तुस्थिती : सम-इफ्स लपलेल्या ओळीही मोजतं. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी तर सबटोटल वापरा, त्यात १०९ हा क्रमांक द्या.

शेवटी ताळा. सगळ्या शीर्षांच्या बेरजा मिळवून कॉलमच्या एकूण बेरजेशी जुळवल्या की स्पेलिंगची, सुटलेल्या शीर्षाची चूक उघडी पडते. पण टेक्स्ट झालेला आकडा साधी सम सुद्धा सोडते. दोन्ही बेरजा ९२,५०० येतील आणि खजिनदार निर्धास्त होईल. म्हणून शीटचा ताळा शीटशी नको, पासबुकाशी घ्या.