चंदनाचे तेल : सुगंध, उद्योग आणि मालकी हक्क

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा प्रवास करीत महामार्गाने बंगळूर शहरात प्रवेश करणाऱ्या प्रवाशास यशवंतपूर परिसरात एक जुना कारखाना लागतो. त्याच्या पत्त्यातही ‘बंगळूर-पुणे महामार्ग’ असाच उल्लेख असतो. मार्च २०१४ मध्ये या भागात सुरू झालेल्या मेट्रोच्या एका स्थानकास त्याच्याच नावावरून ‘सँडल सोप फॅक्टरी’ हे नाव मिळाले. म्हैसूर सँडल साबणाची अंडाकृती वडी महाराष्ट्रातील असंख्य घरांत परिचित आहे. या वडीतील सुगंधामागे मात्र शंभरहून अधिक वर्षांचा औद्योगिक इतिहास आणि ‘झाड कोणाच्या मालकीचे?’ हा एक मूलभूत आर्थिक प्रश्न दडलेला आहे. आज महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक शेतकरी चंदन लागवडीकडे वळत असताना हा इतिहास समजून घेणे उद्बोधक ठरेल.

कापूर आणि चंदन : एक तुलना

देवघरातील दोन सुगंधी द्रव्ये म्हणजे कापूर आणि चंदन. दोन्ही मूळची वृक्षजन्य. कापराच्या झाडाचे लाकूड वाफेवर उकळून कापूर व कापराचे तेल काढले जाई. १८९९ पासून तैवानमधील कापरावर जपानी सरकारची मक्तेदारी होती आणि सेल्युलॉइडच्या निर्मितीसाठी साऱ्या जगाला तो हवा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी चीड वृक्षाच्या डिंकापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात कापूर तयार होऊ लागला आणि ही मक्तेदारी निष्प्रभ झाली. आज आरतीच्या तबकात जळणारा बहुतांश कापूर अशाच रीतीने बनविलेला असतो.

चंदनाच्या बाबतीत रसायनशास्त्राला एवढे सहज यश मिळाले नाही. चंदनतेलाचा गंध मुख्यत्वे सँटॅलॉल या घटकामुळे येतो. उत्तम प्रतीच्या तेलात त्याच्या अल्फा प्रकाराचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के व बीटा प्रकाराचे १६ ते २४ टक्के असावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. चंदनासारखा वास देणारी स्वस्त कृत्रिम द्रव्ये बाजारात आहेत. परंतु अस्सल तेलाची जागा ती पूर्णपणे घेऊ शकलेली नाहीत. म्हणूनच चंदनाचे मोल आजही झाडावर अवलंबून आहे.

तेल नेमके कोठे असते?

चंदनाचे झाड स्वभावाने अंशतः परोपजीवी आहे. ते स्वतःच्या पानांत अन्न तयार करते, पण पाणी व क्षार मिळविण्यासाठी त्याची मुळे शेजारच्या वनस्पतींच्या मुळांना चिकटतात. त्यामुळे चंदनाची लागवड एकट्याने यशस्वी होत नाही. रोपाच्या सोबतीला आरंभी तूर आणि पुढे सुरू, करंज किंवा कडुनिंब यांसारखी यजमान झाडे लावावी लागतात.

तेल पानांत, फांद्यांत किंवा खोडाच्या बाहेरील पांढऱ्या लाकडात नसते. ते असते खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत. हा गाभा साधारणतः दहा वर्षांच्या सुमारास धरू लागतो आणि पंधरा-वीस वर्षांनंतर त्यास खऱ्या अर्थाने व्यापारी मूल्य येते. झाड जितके जुने, तितका गाभा मोठा आणि तेलही अधिक. मुळांत तेलाचे प्रमाण सर्वाधिक असल्यामुळे चंदन तोडले जात नाही. ते मुळासकट खणून काढले जाते.

गाभ्याच्या लाकडाचा भुसा करून त्यातून वाफ सोडली जाते. वाफेबरोबर तेलाचे कण बाहेर पडतात, थंड झाल्यावर तेल पाण्यापासून वेगळे होते. गुलाब किंवा गवती चहाच्या तेलाच्या तुलनेत ही क्रिया फारच संथ असून तिला दोन-तीन दिवसही लागतात. सामान्यतः गाभ्याच्या वजनाच्या दोन ते सहा टक्के तेल मिळते. उदाहरणादाखल तीन टक्के हे प्रमाण धरल्यास १,००० किलो गाभ्यापासून केवळ ३० किलो तेल हाती येते.

परंपरा आणि उद्योग

महाराष्ट्रातील देवघरात सहाण व चंदनाचे खोड यांना मानाचे स्थान आहे. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलास गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, उन्हाचा दाह शमावा म्हणून, चंदनउटी लावण्याची प्रथा आहे. आयुर्वेदाने चंदन शीतल व दाहशामक मानले असून चंदनासवासारख्या औषधांत त्याचा उपयोग होतो.

उत्तर प्रदेशातील कनोज येथे अत्तर काढताना फुलांची वाफ चंदनतेलात उतरविण्याची जुनी पद्धत आहे. चंदनतेल सहजासहजी उडून जात नाही आणि इतर नाजूक सुगंधांनाही धरून ठेवते. हाच गुण आधुनिक सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाला मोलाचा वाटतो. साबण, सौंदर्यप्रसाधने, अत्तरे, तसेच खाण्याची सुगंधी उत्पादने यांत चंदनतेल वापरले जाते. तेल काढून उरलेला भुसाही वाया जात नाही. तो उदबत्ती व धूप यांच्या निर्मितीस उपयोगी पडतो. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर व सोरब येथील गुडिगार कारागीर चंदनाच्या लाकडावरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहेत.

बंगळूरची कामगिरी

म्हैसूर संस्थानात चंदन विपुल होते, पण तेल मात्र तेथे निघत नसे. लाकडाचा लिलाव होई आणि त्यातील मोठा वाटा जर्मनीस जाई. तेथे त्याचे तेल काढून ते जगभर विकले जाई. लाकूड आपले आणि प्रक्रियेचा नफा परक्याचा, असा हा व्यवहार होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीची बाजारपेठ एकाएकी बंद पडली. गोदामांत लाकूड साचू लागले. त्या वेळी संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या महाराष्ट्रास सुपरिचित आहेत. त्यांच्याच प्रेरणेने १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूरची स्थापना झाली होती. पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर या नावाने कार्यरत राहिलेली ही बँक २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

संकटातून मार्ग काढण्यासाठी संस्थानचे उद्योग संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेची मदत घेतली. जमशेटजी टाटा यांच्या दातृत्वातून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी चंदनतेल काढण्याची पद्धत प्रयोगशाळेत सिद्ध केली. त्यानंतर अल्पावधीतच, १९१६-१७ च्या सुमारास, बंगळूर व म्हैसूर येथे संस्थानचे तेल कारखाने उभे राहिले. पाठोपाठ सरकारी साबण कारखानाही आला. साबण व सुगंधशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविण्यात आलेले सोसले गरळपुरी शास्त्री यांनी चंदनतेलयुक्त साबण सिद्ध केला आणि १९१८ मध्ये म्हैसूर सँडल साबणाचा जन्म झाला. हत्तीचे मस्तक व सिंहाचे शरीर असलेला ‘शरभ’ हे त्याचे बोधचिन्ह. १९८० मध्ये या कारखान्यांचे ‘कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

भांडवल, विज्ञान आणि प्रशासन एकत्र आल्यास कच्चा माल विकणारा प्रदेश स्वतः उत्पादक होऊ शकतो, याचा हा उत्तम दाखला होय.

राजवृक्षाची शोकांतिका

कारखाना उभा राहिला. झाड मात्र कमी होत गेले. याचे मूळ मालकीच्या कायद्यात सापडते. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनास राजवृक्ष ठरविले आणि ही व्यवस्था पुढील राजवटींनीही कायम ठेवली. शेतकऱ्याच्या बांधावर आपोआप उगवलेले चंदनही सरकारचेच मानले जाई. त्याची राखण करण्याची आणि चोरी झाल्यास जाब देण्याची जबाबदारी मात्र जमीनधारकाची.

याचा परिणाम स्वाभाविक होता. ज्या झाडापासून लाभ अल्प आणि मनस्ताप अधिक, ते कोण वाढू देईल? चंदनाचे रोप दिसताच ते गुपचूप उपटून टाकण्याकडे अनेकांचा कल असे. सरकारी जंगलातील चंदनावर चोरांची वक्रदृष्टी पडली. वीरप्पनच्या टोळीने दीर्घकाळ कर्नाटक व तमिळनाडू या दोन्ही राज्यांच्या यंत्रणेस आव्हान दिले. ऑक्टोबर २००४ मध्ये तो मारला गेला. कोडगू भागात १८९९ मध्ये प्रथम नोंदविलेल्या ‘स्पाइक’ रोगानेही असंख्य झाडे वाळली. एकेकाळी देशात दरवर्षी सुमारे ४,००० टन निघणारे चंदन एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही शे टनांवर आले. १९९८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या वृक्षाची नोंद संकटप्रवण प्रजातींत केली.

अखेर कर्नाटकाने २००१ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती करून खासगी जमिनीतील चंदनाची मालकी जमीनधारकास दिली. तमिळनाडूनेही पाठोपाठ तसाच निर्णय घेतला. तोडणी व वाहतुकीसाठी परवानगीची अट राहिली. तथापि झाड ‘आपले’ झाल्यामुळे लागवडीस चालना मिळाली. दोन शतकांच्या पहाऱ्याने जे साधले नाही, ते साधण्याची शक्यता मालकी हक्कामुळे निर्माण झाली.

लागवड करू इच्छिणाऱ्यांसाठी

चंदन म्हणजे जमिनीत ठेवलेली दीर्घ मुदतीची ठेव, असे आकर्षक वर्णन केले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. बँकेतील ठेवीचा दर व मुदत आधी ठरलेली असते. चंदनाच्या बाबतीत दोन्ही अनिश्चित असतात. म्हणून पुढील बाबींचा विचार आवश्यक आहे.

पहिली बाब म्हणजे रोख प्रवाह. पंधरा वर्षे उत्पन्न न देणाऱ्या पिकासाठी अल्प मुदतीचे कर्ज काढणे धोक्याचे असते. हप्ते सहामाहीने येतात. गाभा मात्र आपल्या गतीनेच धरतो. घरखर्च व कर्जफेड यांची तरतूद अन्य पिकांतून होत असेल तरच जमिनीचा काही भाग चंदनासाठी राखून ठेवावा.

दुसरी बाब मूल्यांकनाची. संपूर्ण झाडाच्या वजनास तेलाच्या भावाने गुणून कोट्यवधींचे आकडे दाखविणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. भाव गाभ्याला असतो, झाडाला नव्हे. दोन सारख्या उंचीच्या झाडांत गाभ्याचे प्रमाण अगदी भिन्न असू शकते. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्थेचे मार्गदर्शन अशा वेळी उपयुक्त ठरते.

तिसरी बाब संरक्षणाची. गाभा धरू लागताच चोरीचा धोका सुरू होतो. कुंपण, राखण व प्रकाशयोजना यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. पंधरा वर्षांची मेहनत एका रात्रीत नाहीशी होऊ शकते.

चौथी बाब कागदपत्रांची. महाराष्ट्रात चंदनाचा समावेश १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणून लागवडीची नोंद सातबारा उताऱ्यावर वेळीच करून घ्यावी, रोपांच्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि तोडणीपूर्वी वन विभागाकडून प्रचलित नियमांची खात्री करावी. ज्या मालकीसाठी दोनशे वर्षे थांबावे लागले, ती सिद्ध करण्याचा पुरावा शेवटी हाच.

पाचवी बाब गुंतवणूक योजनांची. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या नावाने अनेक कंपन्यांनी लोकांकडून पैसा गोळा केला आणि असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची बचत बुडाली. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. परदेशांतील अनुभवही बोलका आहे. ऑस्ट्रेलियातील कुनुनुरा परिसरात गुंतवणूकदारांच्या पैशातून भारतीय चंदनाची मोठी लागवड करणारी क्विंटिस ही कंपनी जानेवारी २०१८ मध्ये आर्थिक संकटात सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेली. झाडे उभी होती. पण पैसा उभा राहिला नाही. ‘झाड तुमच्या नावावर, राखण आमची’ असे सांगणाऱ्या कोणत्याही योजनेत पैसे गुंतविण्यापूर्वी तिची सेबीकडे नोंदणी आहे किंवा नाही, हे प्रत्येक ग्राहकाने तपासावे. बँक कर्मचाऱ्यांनीही मुदत ठेव मोडून अशा योजनेत पैसे घालू पाहणाऱ्या ग्राहकास हा प्रश्न आवर्जून विचारावा.

यापुढे आणखी एका शक्यतेची नोंद घेतली पाहिजे. किण्वन प्रक्रियेतून सँटॅलॉल तयार करण्याचे तंत्र आता व्यापारी पातळीवर आले आहे. टर्पेंटाइनने कापराचा बाजार बदलला, तसे चंदनाचे होईल काय, हे आज लावलेले रोप तोडणीस येईपर्यंत स्पष्ट झालेले असेल. म्हणून आजचा भाव पंधरा वर्षांनीही तसाच राहील, असे गृहीत धरून कोणीही सर्व जमीन किंवा सर्व बचत या एकाच झाडावर लावू नये.

या मर्यादा ओळखून, बांधावर वा जमिनीच्या एका भागात, इतर पिकांच्या सोबतीने लावलेले चंदन पुढील पिढीसाठी निश्चितच मोलाची पुंजी ठरू शकते. चंदनाच्या झाडासही वाढण्यासाठी शेजाऱ्याचा आधार लागतो. त्यावर विसंबणाऱ्या कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेसही तसाच आधार हवा.