जाम झालेल्या ट्रॅक्टर-इंजिनाचे निदान

‘इंजिन जाम झाले’ हे निदान नव्हे. ते केवळ लक्षण होय. क्रँकशाफ्ट फिरत नाही एवढेच त्यावरून समजते. तो कोठे व कशामुळे अडला आहे, हे समजत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा भेद ध्यानात न घेतल्यास मोठे नुकसान होते. गंजाने धरलेले इंजिन पुष्कळदा वाचविता येते. परंतु कारण न शोधता बळ लावल्यास तेच इंजिन कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून निदानाचा क्रम व त्यामागील कारणे यांचा येथे विचार करावयाचा आहे. उदाहरणादाखल फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर घेऊ. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

पहिला प्रश्न पूर्वेतिहासाचा : इंजिन चालता चालता अडले, की दीर्घकाळ उभे राहिल्याने?

चालता चालता अडलेल्या इंजिनात मुख्य संशय अतिताप व वंगणाचा अभाव यांवर घ्यावा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर लायनर ओतीव लोखंडाचा असतो. या इंजिनाच्या पुढील काळातील सिलिंडरचा व्यास ८५ मि.मी. आहे. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर या व्यासावर पिस्टन सुमारे ०·२० मि.मी. व लायनर सुमारे ०·०९ मि.मी. प्रसरण पावतो. शिवाय पिस्टन लायनरहून अधिक तापतो; त्यामुळे दोहोंमधील मोकळीक नाहीशी होते. इंजिन निवल्यावर ती परत येते. निवल्यानंतरही इंजिन फिरत नसेल, तर पिस्टनचा धातू लायनरला चिकटला आहे किंवा बेअरिंग जळाले आहे, असे समजावे.

उभ्या राहिलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. चार सिलिंडरांच्या इंजिनात कोणत्याही स्थितीत एखादी तरी झडप बहुधा उघडी राहते. धुराड्यावाटे आलेले पावसाचे पाणी वा दमट हवा त्याच सिलिंडरात शिरते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो पिस्टनच्या कड्यांशी साठून त्यांना जखडतो. म्हणूनच बहुधा चारही सिलिंडर नव्हे, तर एकदोनच धरलेले आढळतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. प्रथम इंजिनाबाहेरची कारणे दूर करावीत. गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. स्टार्टर उतरवून त्याचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेले नाहीत ना, हे पाहावे. पंख्याचा पट्टा काढून डायनमो व पाण्याचा पंप वेगळे करावेत. त्यानंतर सर्व स्पार्क प्लग काढावेत. डिझेल इंजिन असल्यास इंजेक्टर काढावेत. सिलिंडरात पाणी साचले असेल, तर ते दाबले जात नाही. अशा वेळी जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढताच इंजिन फिरू लागले, तर दोष सापडलाच.

यानंतर हँडलने अगदी हलका जोर द्यावा. शाफ्ट थोडा फिरून दर वेळी त्याच जागी अडत असल्यास अडकलेली झडप किंवा तुटलेला भाग शोधावा. मुळीच हालत नसल्यास गंज वा बेअरिंग यांचा विचार करावा. तेलाच्या चेंबरचा बूच सैल केल्यावर आधी पाणी आले, तर ते आत शिरले आहे हे निश्चित. तेलात धातूचे चकचकीत कण दिसल्यास बेअरिंगचा दोष संभवतो. प्लगच्या छिद्रांतून दिवा धरून पाहिल्यास सिलिंडरातील गंज बहुधा दिसतो.

गंज हेच कारण ठरल्यास त्या सिलिंडरात झिरपणारे पातळ तेल सोडून काही दिवस थांबावे. हेड काढण्याची वेळ आलीच, तर या इंजिनाचे लायनर पाण्याच्या संपर्कात असतात, हे विसरू नये. हेड नसताना शाफ्ट फिरविल्यास अडकलेला पिस्टन लायनरलाच वर उचलतो, खालचे गॅस्केट बिघडते आणि पाणी तेलात उतरते. म्हणून लायनर आधी पट्ट्यांनी दाबून धरावेत.

ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढणे, हा उपाय सर्वथा वर्ज्य मानावा. चाकांकडून येणारे बळ किती आहे, हे तेथे हाताला कळत नाही. हँडलवर मात्र ते कळते. आणि अडथळ्याचे स्वरूप ओळखण्यास हाताला जाणवणारा हा विरोधच सर्वांत उपयोगी पडतो.