सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कॅथलिक माध्यमिक शाळांतील सहशालेय उपक्रम

नेमलेल्या अभ्यासक्रमाला पूरक म्हणून शाळेने चालविलेले कार्यक्रम व विद्यार्थी मंडळे म्हणजे सहशालेय उपक्रम होत. सिंधुदुर्गात कॅथलिक समाज अल्पसंख्य असून, त्याच्या संस्थांच्या शाळांत इतर धर्मांचे विद्यार्थीही शिकतात. सावंतवाडीचे मिलाग्रिस हायस्कूल हे यांतील परिचित नाव होय. पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत निर्माण झाला.

स्वरूप

राज्यातील इतर माध्यमिक शाळांप्रमाणे येथेही स्काउट-गाइड, हरित सेना, विज्ञान मंडळ, वक्तृत्व, क्रीडा व स्नेहसंमेलन हे उपक्रमांचे प्रमुख प्रकार होत. चित्रकलेला परीक्षेतही मोल आहे. शासकीय इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेतील ‘अ’, ‘ब’ व ‘क’ श्रेणींसाठी दहावीला अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण देण्याची तरतूद करण्यात आली.

धर्मशिक्षण व सहभाग

संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था चालविण्याचा हक्क देतो. मात्र अनुच्छेद २८(३) अन्वये, शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीविना धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. म्हणून कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण व सर्वांसाठीची मंडळे यांत भेद राखणे आवश्यक ठरते.

मर्यादा

दूरच्या वाड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यानंतरचा सराव साधत नाही. तो शालेय वेळेत घेतला, तरच उपक्रम खऱ्या अर्थाने सर्वांना खुला राहतो.